हिस्टामिन सोसत नाही? मग या चुका टाळा

आमच्या घरात ‘पित्त’ हा एक शब्द चार दुखण्यांना पुरतो. छातीत जळजळलं की पित्त, डोकं ठणकून उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. गांधींवर आईचा उपायही ठरलेला: आमसूल भिजवायचं आणि ते पाणी अंगाला चोळायचं. मी बरीच वर्षं चोळून घेतलं. गांधी बहुतेक वेळा काही तासांत आपोआपच जातात, पण श्रेय दर वेळी आमसुलाला मिळालं.

शेवटी निदान झालं ते हिस्टामिन इन्टॉलरन्सचं, म्हणजे हिस्टामिन न सोसण्याचं. हिस्टामिन हे ॲलर्जीसारखी लक्षणं आणणारं रसायन. ते आपल्या शरीरातही असतं आणि अन्नातूनही येतं. जेवणातून आलेलं हिस्टामिन मोडायचं काम मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरातलं डायअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम करतं, त्याला डीएओ म्हणतात. ते कमी पडलं की हिस्टामिन रक्तात उतरतं. मग चेहरा लाल होतो, नाक चोंदतं, डोकं दुखतं, धडधडतं, पोट फुगतं, जुलाब होतात, गांधी उठतात. कुणाला यातलं एखाददुसरं, कुणाला सगळंच. पुढच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

घरच्या घरी निदान

हिस्टामिन इन्टॉलरन्स ठामपणे सांगेल अशी एकही रक्ततपासणी आज नाही. रक्तातलं डीएओ मोजता येतं, पण तो आकडा कमी असूनही काहींना काही होत नाही आणि आकडा नॉर्मल असणारे हैराण असतात. शे-दोनशे पदार्थांची आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची) चाचणी करून रंगीत तक्ता हातात घेऊन येणारे लोक मला भेटतात. मी त्यांना सांगते, पैसे गेले. आयजीजी वाढलेलं दिसलं तर तो पदार्थ तुम्ही खात आला आहात, एवढाच त्याचा अर्थ.

डॉक्टर आधी बाकीचं वगळतात: खरी अन्नाची ॲलर्जी, सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), आतड्याची सूज, हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशींचे आजार. ॲलर्जीसाठी त्वचेची चाचणी होणार असेल तर सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीवरच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात. त्या कधी बंद करायच्या हे डॉक्टरांना विचारा आणि तुम्ही गोळी घेता हे त्यांच्यापासून लपवू नका. घसा आवळला, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सरळ हॉस्पिटल गाठा. तिथे आमसूल आणि डीएओ एन्झाइमची कॅप्सूल (तिच्याबद्दल पुढे) दोन्ही कुचकामी.

यादी बघायची, घड्याळ बघायचं नाही

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती यादी बनवणाऱ्यांनीच आपल्या गळ्यात मारली आहे. इंटरनेटवरच्या दोन याद्या शेजारी ठेवा. एकीत केळं चालतं, दुसरीत वर्ज्य. याचं एक मोठं कारण असं की पुष्कळ पदार्थांत हिस्टामिन नावावर ठरत नाही, त्या पदार्थाच्या वयावर ठरतं.

बांगडा घ्या. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरम झाला की त्यावरचे जंतू त्याचं हिस्टामिन करतात. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या बांगड्यात ते जवळजवळ नसतं, पण उन्हात काही तास ठेवलेल्यात त्रास देण्याइतकं होतं. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, गोठवून किंवा डबाबंद करून जात नाही. वासाने कळेलच असंही नाही. कधीकधी जिभेला मिरमिरल्यासारखं वाटतं, तेवढीच खूण.

अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्सची माशांसाठी कमाल मर्यादा आहे किलोला २०० मिलिग्रॅम. म्हणजे या मर्यादेत बसणाऱ्या दीडशे ग्रॅम माशातही ३० मिलिग्रॅमपर्यंत हिस्टामिन असू शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ साली निरोगी माणसाला एका जेवणात ५० मिलिग्रॅमपर्यंत त्रास दिसत नाही असं म्हटलं, पण ते निरोगी माणसाचं. आपण त्यात मोडत नाही.

मी पूर्वी रविवारी निवांत साडेअकराला बाजारात जायची. टोपलीतल्या बर्फाचं पाणी झालेलं असायचं, मावशी त्यातलंच ओंजळभर बांगड्यांवर शिंपडायची आणि बांगडे चकाकायचे. मी चकाकी बघून घ्यायची. आता सातला जाते, घरून थर्माकोलचा डबा आणि बर्फ नेते. घरी आल्या आल्या बांगड्यांचं पोट साफ करते आणि लगेच शिजवते. उरलं तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात नाही, थेट फ्रीझरमध्ये. ‘कालवण दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं’ हे मालवणी घरातलं सत्य मला मान्य आहे, फक्त ते मुरलेलं कालवण आता दुसऱ्या कुणाच्या तरी ताटात जातं.

सुकट, सुके बांगडे, गोव्याकडचा पारा (सुक्या माशांचं लोणचं), चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज), जुनं चीज हे सगळं याच हिशोबातलं: वेळ घालवून चव आणलेलं. इडली-डोशाच्या पिठात किती हिस्टामिन होईल हे त्या पिठात कुठले जंतू वाढले यावर असतं, म्हणून एका डोशाला काही होत नाही आणि पुढच्या आठवड्यातला बाधतो. टोमॅटो, वांगं, पालक यांत मात्र ते मुळातच असतं. फ्रीजमध्ये आठवडाभर मऊ पडलेला पालक ताज्यापेक्षा वाईट. संत्रं, स्ट्रॉबेरी ‘शरीरातलं हिस्टामिन सोडवतात’ असं ठोकून सांगितलं जातं. त्याला पुरावा तोकडा आहे.

एकाच पदार्थाला आरोपी ठरवणं

माझ्या वहीतला एक मंगळवार: सकाळी तिसऱ्या दिवशीच्या पिठाचे दोन डोसे, दुपारी कालचं भरलं वांगं, रात्री टोमॅटोचं सार आणि बांगडा. साडेनऊला गांधी. मी वहीत बांगड्याखाली लाल रेघ मारली आणि दोन महिने बांगडा बंद केला. त्रास चालूच राहिला. साहजिकच आहे, बांगडा फक्त शेवटी आला होता. वहीत दिवसभराची बेरीज दिसली पाहिजे. पदार्थासमोर तो किती तासांपूर्वी केला तेही लिहा, आणि बायकांनी पाळीची तारीखही. रेड वाइन तर दुहेरी नुकसान करते. तिच्यात हिस्टामिन असतं, आणि अल्कोहोल ते मोडायच्या कामात खोडा घालतं.

कॅप्सूल चुकीची घेणं

डीएओच्या कॅप्सूलचं काम फक्त आतड्यात, जेवणातल्या हिस्टामिनपुरतं. म्हणून ती जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं घ्यायची. गांधी उठल्यावर घेऊन काही होत नाही. मी उठल्यावर घ्यायची, क्रोसिनसारखी.

गिळायला मोठी वाटते म्हणून ती उघडून दहीभातात मिसळणं हा माझा आणखी एक पराक्रम. आत खसखशीएवढे दाणे असतात आणि त्यांच्यावर जठरातल्या आम्लात टिकणारं आवरण असतं. मी दहीभात चावून खाल्ला, दाणे दाताखाली फुटले, आणि महागडं एन्झाइम जठरातच मेलं. शिवाय आंबट दहीही याच यादीतलं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

लेबल वाचा. बाजारातलं बहुतेक डीएओ डुकराच्या मूत्रपिंडातून काढलेलं असतं. लेबलावर ‘पोर्सिन किडनी’ लिहिलेलं असतं. शाकाहारी, जैन, मुस्लिम घरांत हे आधी कळलेलं बरं. वाटाण्याच्या कोंबांपासून केलेलंही मिळतं. हे ऐकून आमच्या आत्याने लगेच मोड आलेल्या वाटाण्याची उसळ करून पाठवली. उसळ उत्तम होती, पण एन्झाइम हे प्रथिन आहे, फोडणीत आणि वाफेत ते टिकत नाही.

या कॅप्सूलवर आजवर झालेले अभ्यास छोटे आहेत. काहींना फरक पडतो, काहींना नाही. मी ती बाहेरच्या जेवणाला ठेवली आहे, लग्नाच्या पंगतीला वगैरे. रोज घेऊन वाट्टेल ते खायचा परवाना ती देत नाही. सेटिरिझिनही हिस्टामिन मोडत नाही, फक्त त्याची कडी लागू देत नाही.

औषधांचा विचार न करणं

काही औषधं डीएओच्या कामात अडथळा आणतात: टीबीवरचं आयसोनियाझिड, अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकबरोबर येणारं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, रक्तदाबाचं व्हेरापामिल, मलेरियाचं क्लोरोक्विन. आयसोनियाझिड चालू असताना मासे खाऊन चेहरा लाल होणं, डोकं फुटायला येणं हे डॉक्टरांना माहीत असलेलं प्रकरण आहे. पण म्हणून टीबीची गोळी बंद करायची नाही. मासा बंद करा आणि डॉक्टरांना सांगा.

पथ्य कायमचं करणं

काटेकोर पथ्य दहा ते चौदा दिवस. तेवढ्यात काहीच फरक नसेल तर बहुधा कारण दुसरं आहे, परत डॉक्टरांकडे जा. फरक पडला तर एकेक पदार्थ परत आणायचा, थोडा थोडा, मध्ये दोन-तीन दिवस सोडून. हे न करता वर्षानुवर्षं भात, दुधी आणि उकडलेल्या चिकनवर राहिलेल्या लोकांची वजनं उतरतात आणि जेवणाचीच भीती बसते.

माझ्या परतीच्या यादीत ताजा बांगडा आला, ताज्या पिठाची इडली आली, सारातला टोमॅटोही वाटीभर चालतो. वांगं मात्र जवळजवळ गेलं. भरल्या वांग्यांच्या पंगतीत मी एकच घेते, रस्सा जास्त.