प्रोजेक्टसाठी छोटा जंगलपक्षी हवाय? नाचण घ्या

एमएस्सीच्या प्रोजेक्टला पक्षी निवडताना बहुतेक जण स्वर्गीय नर्तकासारखं काहीतरी देखणं शोधतात, माझं विचाराल तर नाचण घ्या. फक्त मध्य आणि दक्षिण भारतातच सापडते, वर्षभर आपला एरिया सोडत नाही आणि माणसाला फारशी बुजत नाही, म्हणजे एकच जोडी सगळ्या ऋतूंत बघता येते. मी ठिपकेवालीबद्दल बोलतोय बरं का, गळा आणि भुवई पांढरी, राखाडी छातीवर पांढरे ठिपके. नाचणची दुसरी जात रुंद पांढऱ्या भुवईची, तिचं पोट पांढरं असतं आणि ती जरा मोकळ्या रानात जास्त.

शोधत हिंडू नका. सकाळी ओढ्याकाठची दाट सावलीची झाडी गाठा आणि बसा, आधी चढउतार सुरांची बारीक शीळ येते मग खालच्या फांद्यांवर हालचाल दिसते. शेपटी पंख्यासारखी उघडते, अंग डावीकडे वळतं, लगेच उजवीकडे, पानामागून एखादा किडा उडाला की हवेतच उचलला आणि परत दुसऱ्या फांदीवर. शेपटीच्या या हालचालीने किडे दचकून उडतात असं मानतात. तेच मोजा ना! शेपटी कितीदा उघडली, त्यातल्या कितीदा काही मिळालं, जमिनीपासून किती उंचीवर, एकटी होती की वटवट्या-चष्मेवाल्यासारख्या बारक्या पक्ष्यांच्या थव्यात, एवढं वहीत आलं तरी भरपूर डेटा होतो. कॅमेरा सुरुवातीला घरीच ठेवा, फोटोच्या नादात नोंदी राहतात.

मार्च ते ऑगस्ट घरटी. बारक्या गवताची छोटी वाटी, बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली, बहुतेक ३ अंडी आणि नर-मादी दोघंही उबवतात (दोघं दिसायला सारखेच, त्यामुळे नोंदीत 'मादी बसली' असं ठोकून देऊ नका). लांबूनच दुर्बिणीने बघा, आडवी येणारी डहाळी फोटोसाठी कापली की घरटं कावळ्याला उघडं पडतं. मोबाईलवर आवाज लावून बोलवायचा प्रकारही नको, ती खाणं सोडून हद्द राखायला धावते आणि तुमच्या नोंदी पण बिघडतात.

अभयारण्यात काम असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागतेच, अर्ज गाईडच्या सहीने लवकर टाका, नाहीतर कागद येईपर्यंत पिल्लं उडून गेलेली असतात.