कंपनीत काम अन् सोबत डिग्री: पोट्टे हो, या चुका टाळा

बारावी झाली, कंपनीत लागला, डिग्रीची फी पण कंपनीच भरते, गावात पेढे वाटून झाले. इथपर्यंत सगळं मस्त. पुढं काय होते ते मी इतकी वर्षं नागपुरात मिहानमधल्या आयटी कंपनीत पाहून राहिलो, आधी स्वतः अप्रेंटिस होतो अन् आता दरवर्षी नवीन पोट्टे-पोट्टी आमच्या टीममधे येतात, यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, सगळीकडचे, अन् चुका त्याच त्या. हुशारीत कोणी कमी नसते, म्हणूनच जीव तुटते.

सगळ्यात मोठी चूक: "होत आलं सर"

रोज सकाळी पंधरा मिनिटाची स्टँडअप असते. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं. नव्या पोराचं उत्तर ठरलेलं, होत आलं सर.

माझ्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट सांगतो. क्लायंटची सीएसव्ही फाईल (साध्या मजकुरातला तक्ता) डेटाबेसमधे चढवायची होती, त्यात बिलांच्या देय तारखा. तारीख 25/07 असली की एरर यायचा, 05/07 असली की गुमान चढायची. मला वाटलं काही ओळी खराब आहेत, म्हणून एररवाल्या ओळी वगळायची सोय करून टाकली अन् एरर गेला. पण मनात धाकधूक होतीच कारण एकूण आकडा जुळत नव्हता, मग चार रात्री खोलीवर बसून कोड इकडचा तिकडे करत राहिलो अन् सकाळी उठून पुन्हा "होत आलं". पाचव्या दिवशी टीममधल्या वर्ध्याच्या एक ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या, फाईल नोटपॅडमधे उघडली अन् तारखेवर बोट ठेवलं. फाईल चढवणारी स्क्रिप्ट, म्हणजे माझा छोटा प्रोग्राम, अमेरिकन पद्धतीनं आधी महिना वाचत होती. पंचविसावा महिना नसतेच, म्हणून ती ओळ पडायची, पण 5 जुलैची तारीख गुपचूप 7 मे होऊन बसली होती. म्हणजे ज्या ओळी मी बरोबर समजत होतो त्याच चुकलेल्या होत्या, एररवाल्या ओळी तर बिचाऱ्या सांगून राहिल्या होत्या की इथं गडबड आहे! डेटा टेस्टिंगचा होता म्हणून निभावलं. दहा मिनिटाचं काम होतं. ताई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "चार दिवस काहून नाही बोलला रे?"

काहून नाही बोललो तर इंग्रजी. कॉलवर पुण्याचे, बंगळुरूचे लोक, मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत आपली पाळी निघून जाते. यावर मी जे केलं ते आजही करतो: वहीत तीन गोष्टी लिहितो, मराठीतच. काय करायचं होतं, काय काय करून पाहिलं, अन् एरर जसाच्या तसा. निम्म्या वेळा लिहिता लिहिताच सापडते. अर्ध्या तासात हललं नाही तर तेच इंग्रजीत करून चॅटवर टाकतो, मोडकंतोडकं असलं तरी चालते. फक्त मोबाईलनं स्क्रीनचा तिरपा फोटो काढून पाठवू नका, एरर कॉपी करून टाका, समोरच्याला तो शोधता आला पाहिजे, अन् वरून ऑफिसच्या स्क्रीनचा फोटो काढायची बऱ्याच ठिकाणी मनाईच असते.

अन् एरर दाबून पुढं जायची घाई मला अजिबात पटत नाही. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, लाल्या रोग आला तर लाल पानं तोडून कोणी मोकळं होते का? मग कोडमधेच काहून करता?

दुसरी चूक: "गावाकडं जाऊन करतो"

मागं आमच्यातला एक पोरगा पोळ्याला घरी गेला, लॅपटॉप घेऊन. युनिव्हर्सिटीची असाइनमेंट रविवारी रात्री 11:59 पर्यंत द्यायची होती, अर्धी झाली होती, म्हणे तान्हा पोळा झाला की निवांत बसतो. बसला तर ऑफिसच्या पासवर्डची मुदत संपलेली, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमधे शिरायची सोय) लागेना. हेल्पडेस्कनं पासवर्ड बदलून दिला, पण लॉगिनचं अप्रूव्हल येते मोबाईलमधल्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर, अन् ते होतं जुन्या फोनमधे, जो त्यानं नवीन घेतल्यावर फॅक्टरी रीसेट मारून बहिणीला देऊन टाकला होता. फाईल कंपनीच्या ड्राइव्हवर, पेनड्राइव्ह बंद. त्यात डीपी गेली, गावात अंधार, हा गच्चीवर रेंज शोधत फिरत होता अन् मला फोनवर फोन. मी नागपुरात बसून काय करणार? इंटरनलचे मार्क गेले ते गेलेच.

माझी सवय साधी आहे. घरी जायच्या आधी शुक्रवारी ऑफिसातच पासवर्ड बदलून घेतो, व्हीपीएन एकदा लावून पाहतो, अन् असाइनमेंट एसटीत बसायच्या आधी सबमिट झालेली असते. फोन बदलला तर जुना पुसायच्या आधी ऑथेंटिकेटर नवीन फोनवर नोंदवून घ्या. घरी गेलो की लॅपटॉप उघडत नाही, कारण घरी वावर असते, पाहुणे असतात, तिथं अभ्यास होत नाही हे मान्य करून टाकलं की सोपं जाते.

आता बारीकसारीक, पण दरवर्षी हमखास होणाऱ्या.

नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असते, आधारवर स्वतःचं नाव आधी. फॉर्म भरताना फर्स्ट नेमच्या रकान्यात आडनाव गेलं की कंपनीचा मेल आयडी तसाच बनते अन् डिग्रीवरही तेच यायची भीती. पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करा.

बँक. स्टायपेंडचा सरकारी वाटा मिळत असला तर तो आधार ज्या खात्याला सीड आहे तिथं जाते. आधार लिंक असणं वेगळं अन् सीडिंग वेगळं, सीडिंग म्हणजे सरकारी पैसे कोणत्या खात्यात टाकायचे त्याची आधारवर नोंद. नवीन सॅलरी अकाउंटमधे पैसे आले नाही म्हणून एक पोरगी दोन महिने रडत होती, पैसे गावच्या जनधन खात्यात पडून होते.

कागद. बाबाची सही घ्यायच्या आधी स्वतः वाचा. ॲप्रेंटिसेस ॲक्ट 1961 खाली करार असला तर तुम्ही ट्रेनी आहात, कामगार नाही, अन् करारात तसं लिहिलं नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. 2019 च्या नियमात डिग्री अप्रेंटिसला महिन्याला किमान 9000 ठरले होते, तेवढं तरी मिळून राहिलं का ते पहा. मधेच सोडलं तर किती भरायचे, एखादा विषय राहिला तर फी कोण भरणार, हे एचआरला मेलवर विचारा, तोंडी नाही.

क्लायंटचा कोड बाहेरच्या एआय चॅटमधे टाकू नका. नोकरी जाऊ शकते, विषय संपला.

पासवर्ड चुकून गिटमधे (कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणारी सिस्टीम) गेला तर ती ओळ खोडून उपयोग नाही, हिस्टरीत राहते. लगेच सांगा अन् पासवर्डच बदला.

अन् परीक्षा. वेळापत्रक आलं त्याच दिवशी मॅनेजरला मेल टाका अन् कॅलेंडरमधे ते दिवस अडवून ठेवा. पोट्टे संकोचतात, दोन दिवस आधी येऊन हळूच सांगतात, "सर, सोमवारी पेपर आहे." तोवर रिलीज, म्हणजे नवीन काम क्लायंटला द्यायचा दिवस, सोमवारचीच ठरलेली असते.