गॅस न पेटवता खिरापत : गणपतीच्या सुट्टीत मुलांनी करायचे गोड पदार्थ

गणपतीच्या दिवसांत घरातला गॅस सकाळपासून रात्रीपर्यंत मोठ्यांच्या ताब्यात असतो. एका बाजूला उकडीच्या मोदकांचे पातेले, दुसऱ्या बाजूला पुरण किंवा तळण, मध्येच कोणाचा तरी चहा, आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे पायांत पायांत करणारी मुले, अशा गर्दीत मुलांच्या वाट्याला बहुधा 'आधी इथून बाहेर व्हा' एवढेच येते. मात्र सकाळ-संध्याकाळच्या आरतीनंतर जमलेल्यांच्या हातावर ठेवण्यासाठी रोज काहीतरी लागतेच, आणि हे रोजचे खिरापतीचे खाते मुलांकडे सोपवता येते. पंचखाद्य तर मुळातच केवळ मिसळून होणारा पदार्थ आहे. त्याच्याच जोडीला डाळ्याचे, खजुराचे आणि दूध पावडरचे मोदक घेतले, तर दीड दिवसाच्या गणपतीपासून दहा दिवसांच्या गणपतीपर्यंत कोणत्याही घराला पुरेल इतकी विविधता विस्तवाजवळ न जाता साधते.

अशा पदार्थांसाठी जिन्नस निवडताना एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे तो जिन्नस घरी येण्यापूर्वीच भाजलेला, शिजलेला किंवा पक्का वाळलेला असला पाहिजे. डाळे भट्टीत भाजून येते, चुरमुरे आणि लाह्या फुललेल्याच असतात, बिस्कीट भाजलेले असते, खारीक आणि बेदाणे वाळवलेले असतात. याउलट बेसन, रवा, कणीक किंवा मैदा हे कच्चे जिन्नस न भाजता लाडवात घालू नयेत, कारण त्यांची कच्चट चव साखरेने झाकली जात नाही आणि कच्चे पीठ पोटालाही बाधू शकते. मिश्रण बांधून ठेवण्याचे काम येथे पाक करत नाही, ते तूप, खजुराचा चिकटपणा किंवा आटवलेले गोड दूध म्हणजे कन्डेन्स्ड मिल्क यांपैकी एकाकडे द्यावे लागते. भाद्रपदातल्या दमट हवेत पाण्याचा एक थेंबही अशा पदार्थाला नडतो, म्हणून मुलांनी हात धुतल्यावर ते नुसते फ्रॉकला किंवा चड्डीला न पुसता कोरड्या पंच्याने पूर्ण कोरडे करावेत, आणि परात, चमचे व डबे आदल्या रात्रीच धुऊन पुसून ठेवावेत.

मिक्सर चालवणे, खारीक फोडणे आणि सुरीने सुकामेवा चिरणे ही कामे मोठ्यांची. मोजणे, चाळणे, बिया काढणे, मळणे, वळणे आणि साच्यातून मोदक काढणे ही कामे पाच-सहा वर्षांचे मूलही नीट करते. किसणी मात्र लहानांच्या हाती न दिलेली बरी, बोटांची सालटी निघतात आणि त्या दिवसाचा उत्साह तिथेच संपतो. शेंगदाणे, काजू, बदाम किंवा तीळ यांपैकी कशाची ॲलर्जी घरातल्या किंवा आरतीला येणाऱ्या मुलांपैकी कोणाला आहे का, याची आधी चौकशी करावी. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातावर अख्खे दाणे किंवा खडीसाखरेचे मोठे खडे ठेवू नयेत, ते घशात अडकू शकतात.

पंचखाद्य

खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस म्हणजे बेदाणे, अशी ही पाच ख-कारी जिन्नसांची खिरापत. एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, अर्धी वाटी खारीक पूड, पाव वाटी बारीक खडीसाखर, पाव वाटी बेदाणे आणि दोन चहाचे चमचे खसखस हे प्रमाण दहा-बारा जणांच्या आरतीला पुरते.

येथे सगळी चव खोबऱ्यावर अवलंबून असते. पावसाळ्यात खोबऱ्याच्या वाट्या लवकर खवट होतात, म्हणून दुकानातून आणताना वाटी आतून पांढरी आहे ना आणि पाठीवर बुरशीचे ठिपके नाहीत ना हे पाहून घ्यावे, आणि घरी आल्यावर एक तुकडा तोडून चावून पाहावा. पाकिटात मिळणारा पांढराशुभ्र डेसिकेटेड कीस सोयीचा असला, तरी त्यात तेल कमी असते, त्यामुळे पंचखाद्य भुसभुशीत आणि काहीसे निर्जीव लागते. वाटीचे खोबरे मोठ्यांनी किसून द्यावे आणि मुलांनी तो कीस परातीत पसरून तळहातांनी हलकेच चुरावा. चुरताना खोबऱ्याला थोडे तेल सुटते, बोटे चकचकीत दिसू लागतात, आणि मग वरून घातलेली खारीक पूड त्या तेलकट किसाला चिकटून बसते. हा टप्पा गाळून सगळे एकदम ढवळले, तर पूड परातीच्या तळाशी राहते आणि शेवटच्या माणसाच्या हातावर नुसतीच खारीक पडते.

खारीक पूड तयार आणलेली उत्तम. घरी करायची असल्यास खारकेचे बी काढून, तुकडे करून, मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा, कारण सलग फिरवल्यास खारीक गरम होऊन गोळा बनते. खडीसाखर मोठी असेल तर ती जाड कापडात बांधून मुलांना लाटण्याने कुटू द्यावी. हे काम त्यांना सर्वांत जास्त आवडते आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसते. बेदाणे मात्र धुऊन लगेच घालू नयेत. धुवायचे असतील तर आदल्या दिवशी धुऊन, पंख्याखाली कापडावर रात्रभर वाळवावेत.

जुन्या पद्धतीत खोबरे आणि खसखस मंद आचेवर भाजून घेतात, त्यामुळे खमंगपणा येतो आणि पदार्थ टिकतोही जास्त. ज्यांना तो खमंगपणा हवा असेल, त्या घरातल्या मोठ्यांनी आदल्या रात्री हे दोन्ही भाजून, पूर्ण गार करून डब्यात भरून ठेवावे. न भाजता केलेले पंचखाद्य थोडे थोडे करावे आणि दोन दिवसांत संपवावे.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक सूचना येथेच द्यायला हवी. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, त्यामुळे दुबई किंवा अबुधाबीला जाणाऱ्या नातेवाइकांबरोबर पंचखाद्याचा डबा धाडताना त्यात खसखस मुळीच नसावी. तेथे राहणाऱ्यांनी तिच्या जागी भाजलेले तीळ घालावेत. पाचातला एक ख कमी होतो, पण चवीत फारसे उणे पडत नाही.

डाळ्याचे मोदक

नैवेद्याच्या 21 मोदकांसाठी मुलांच्या हाती देण्यासारखा हा सर्वांत भरवशाचा पदार्थ आहे. सालविरहित पंढरपुरी डाळे मिक्सरमधून अगदी बारीक दळून, चाळून, त्याचे दोन वाट्या पीठ घ्यावे. चाळणीत उरलेला रवा पुन्हा दळावा, तो तसाच घातल्यास मोदकाच्या कळ्या फुटतात. या पिठात एक वाटी पिठीसाखर, अर्धा चहाचा चमचा वेलची पूड आणि चिमूटभर जायफळ मिसळून घ्यावे. तूप अर्ध्या वाटीच्या आसपास लागते, मात्र ते एकदम न ओतता एकेक चमचा घालत जावे.

तूप पातळ नसावे. घट्टसर, रवाळ, बोटाने सहज दाबले जाणारे तूप पिठात चोळून चोळून मुरवावे, म्हणजे साच्यात दाबल्यावर मोदक आकार धरतो. पातळ तुपाने मिश्रण पटकन ओले दिसते, मुलांना वाटते की झाले, आणि ताटात ठेवलेला मोदक थोड्याच वेळात बसतो. मुठीत घट्ट दाबल्यावर मुटका झाला आणि बोटाने ढकलल्यावर तो स्वच्छ दोन तुकड्यांत मोडला, म्हणजे मिश्रण साच्यासाठी तयार आहे असे समजावे. भुगा झाल्यास आणखी एक चमचा तूप घालावे. फार तुपकट झाल्यास डाळ्याचे थोडे पीठ वाढवावे, साखर वाढवू नये.

साच्याला आतून तुपाचे बोट फिरवावे, पण ते नुसते पुसल्यासारखे, कारण जास्तीचे तूप कळ्यांच्या खाचांत साठते आणि रेषा पुसट उमटतात. साचा बंद करून हाताने घट्ट धरावा आणि खालच्या भोकातून मिश्रण भरावे. पहिली चिमूट करंगळीने थेट टोकापर्यंत दाबावी, कारण मोदकाचे नाक तिथे तयार होते आणि घाईत नेमके तेच पोकळ राहते. मग उरलेले मिश्रण थोडे थोडे करून, प्रत्येक वेळी अंगठ्याने दाबत, काठोकाठ भरावे आणि तळ सपाट करावा. साचा उघडताना वर ओढू नये. दोन्ही पाकळ्या बाजूंना हळूच सरकवल्या की मोदक तळहातावर उभा राहतो. मुलांच्या हातून सुरुवातीचे काही मोदक नाक मोडून निघतात, ते पुन्हा मिश्रणात घालावेत, चुरा वाया जात नाही. साचा नसेल तर लाडू वळून वरचे टोक चिमटीने उभे करावे आणि चमच्याच्या कडेने खालून वर रेषा ओढाव्यात, मोदक ओळखू येण्याइतका दिसतो.

खजूर, दूध पावडर आणि बिस्किटे

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरितालिकेचा उपवास असतो, त्या दिवशी डाळ्याचे काही चालत नाही. त्यासाठी खजुराचे लाडू करावेत. पाव किलो मऊ, बिनबियांचा खजूर घ्यावा, आणि पाकिटावर बिनबियांचा असे छापलेले असले तरी प्रत्येक खजूर उघडून पाहण्याचे काम एका मुलाकडे द्यावे, कारण एखादी बी राहिलेली असतेच आणि ती मिक्सरच्या पात्याखाली किंवा आजोबांच्या दाताखाली सापडते. खजूर परातीत एक चमचा तूप लावलेल्या हाताने मळला तर मिक्सरचीही गरज पडत नाही. त्यात अर्धी वाटी काजू-बदामाचे बारीक तुकडे किंवा शेंगदाण्याचे कूट आणि दोन चमचे खोबऱ्याचा कीस घालून लहान लाडू वळावेत. साखर अजिबात घालू नये. खजूर कडक असल्यास तो पाण्यात भिजवण्याचा मोह टाळावा आणि मिक्सरमधून काढावा.

दूध पावडरचे मोदक दिसायला पेढ्यासारखे होतात आणि मुलांना तेच सर्वांत आधी हवे असतात. दोन वाट्या दूध पावडर, दोन चमचे तूप आणि कन्डेन्स्ड मिल्क अर्ध्या वाटीपासून सुरुवात करून लागेल तसे वाढवावे. गोळा मऊ झाला पण हाताला चिकटेनासा झाला की थांबावे. चमचाभर गार दुधात भिजवलेले केशर घातल्यास कन्डेन्स्ड मिल्क तेवढे कमी घ्यावे. याच पद्धतीने दूध पावडरऐवजी डेसिकेटेड खोबरे घेतले की नारळाचे पांढरे लाडू होतात. पंचखाद्यात फिका पडणारा तो पाकिटातला कीस येथे अगदी योग्य ठरतो, कारण ओलावा आणि गोडवा दोन्ही दुधातून येतात.

बिस्किटांच्या चुऱ्यात कोको आणि कन्डेन्स्ड मिल्क घालून केलेले चॉकलेट मोदक अलीकडे मिठाईच्या दुकानांतही दिसतात. दीडशे ग्रॅम मारी बिस्किटे, दोन मोठे चमचे कोको आणि पाच-सहा मोठे चमचे कन्डेन्स्ड मिल्क एवढ्यात ते होतात. ते नैवेद्याला ठेवावेत की नाही हे ज्या त्या घराने ठरवावे. माझ्या मते बाप्पापुढे डाळ्याचे आणि मुलांच्या ताटलीत चॉकलेटचे, ही वाटणी सगळ्यांना पटते, विशेषतः आजीला.

चव, वाटप आणि साठवण

नैवेद्य दाखवण्यापूर्वी पदार्थ चाखायचा नाही, ही रीत बहुतेक घरांत पाळली जाते, आणि मुले मात्र बोटे चाटल्याशिवाय काही करत नाहीत. यावर उपाय म्हणजे बसण्यापूर्वीच नैवेद्याचे मिश्रण वेगळ्या पातेल्यात झाकून देवघराजवळ ठेवणे आणि मुलांनी वळायचे ते वेगळ्या परातीत देणे. चाखता येत नसल्यामुळे नैवेद्याच्या वाट्यात प्रमाण अचूक असावे लागते, म्हणून वाटी आणि चमचा एकच वापरावा आणि सपाट भरून मोजावा. चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी अर्ध्या प्रमाणात एकदा करून पाहिले, तर साखर किती लागते तेही कळते आणि मुलांचा हातही बसतो.

डाळ्याचे मोदक हवाबंद डब्यात, कोरड्या जागी सहज आठवडाभर राहतात, त्यामुळे पाच दिवसांच्या गणपतीसाठी ते एकदाच करून ठेवता येतात. खजुराचे लाडूही तितकेच टिकतात. कन्डेन्स्ड मिल्क घातलेले सर्व प्रकार फ्रिजमध्ये ठेवावेत, तीन दिवसांत संपवावेत आणि आरतीच्या अर्धा तास आधी बाहेर काढावेत, कारण गार असताना ते कडक लागतात. एकदा सर्वांपुढे फिरवलेल्या ताटातले उरलेले पदार्थ मूळ डब्यात परत टाकू नयेत. पंचखाद्य वाटताना मुठीने न देता कोरड्या चमच्याने द्यावे. हातावर तीर्थ घेतलेले असल्याने लोकांचे तळहात ओले असतात, त्यामुळे आधी तीर्थ, मग थोड्या वेळाने खिरापत, असा क्रम लावून तीर्थाची पळी मोठ्या मुलाकडे आणि खिरापतीचे ताट धाकट्याकडे द्यावे.