श्रम रेखाटताना: एकोणिसाव्या शतकातील इटालियन वास्तववाद्यांची रीत

श्रमिकाचे चित्र काढताना नवशिका बहुधा चेहऱ्यापासून सुरुवात करतो आणि सगळे दुःख त्या चेहऱ्यावरच उमटवू पाहतो. इटालियन वास्तववाद्यांकडून शिकायचे असेल, तर ही सवय आधी सोडावी. प्रथम ओझे, मग शरीर आणि सर्वांत शेवटी चेहरा, असा क्रम ठेवावा.

अभ्यासासाठी तेलेमाको सिन्योरिनी यांचे १८६४ मधील ‘लाल्झाया’ (नाव ओढण्याचा दोर) हे चित्र समोर ठेवावे. आर्नो नदीच्या काठाने पाच मजूर दोराने नाव ओढत आहेत. नाव मात्र चित्रात कुठेच दिसत नाही, तिचे वजन केवळ वाकलेल्या शरीरांवरून कळते. म्हणून आधी दोराची ताणलेली रेघ काढावी आणि मग प्रत्येक मजुराच्या टाचेपासून खांद्यापर्यंत एकच तिरकी रेघ ओढावी. दोर तुटला तर हा माणूस पुढे कोसळेल, असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे. तसे वाटत नसेल तर तपशिलात शिरण्यापूर्वी ती रेघ पुसून पुन्हा काढावी. पाचही जणांचा कल एका दिशेचा असला, तरी माना, गुडघे आणि हात वेगवेगळे ठेवावेत.

कागदही त्याच चित्रासारखा आडवा घ्यावा. मूळ चित्राची रुंदी उंचीच्या तिपटीहून अधिक आहे. त्यात दूरवर उंच टोपी घातलेला एक सद्गृहस्थ लहान मुलीसह उभा आहे. सामाजिक दरी दाखवण्यासाठी एवढे अंतर पुरेसे असते, आणि माझ्या मते या चित्राचा खरा आघात तिथेच आहे.

छटांसाठी फ्लॉरेन्सच्या माक्क्यायोली, म्हणजे डागांतून उजेड-सावली मांडणाऱ्या, चित्रकारांचा मार्ग धरावा. डोळे किलकिले करून उजेड आणि सावली यांचे मोठे डाग पाहावेत, ते कोळशाने तीनच छटांत भरावेत आणि ठळक कड फक्त जिथे भार शरीराला भिडतो तिथे, म्हणजे खांदा, तळवा आणि टाच येथे द्यावी.

स्त्रियांच्या श्रमांसाठी आंजेलो मोर्बेल्ली यांचे १८९५ मधील ‘पेर ओत्तान्ता चेन्तेसिमी’ पाहावे. भातखाचरात वाकलेल्या निंदणाऱ्या बायका पाठमोऱ्या दिसतात आणि शीर्षकात त्यांची मजुरी येते, ऐंशी चेन्तेसिमी (चेन्तेसिमो म्हणजे लिरा या तेव्हाच्या इटालियन चलनाचा शंभरावा भाग). अशा चित्रात पाठींची ओळ हीच मुख्य आकृती समजावी.

समूह रेखाटायचा असल्यास घाई करू नये. ज्युसेप्पे पेलित्सा यांनी पुढे चालत येणाऱ्या श्रमिकांच्या जमावाचे ‘इल क्वार्तो स्तातो’ (चौथा वर्ग) हे चित्र १९०१ मध्ये पूर्ण करण्यापूर्वी याच विषयावर अनेक वर्षे काम केले आणि आपल्या व्होल्पेदो गावातील माणसांना समोर उभे करून त्यांचा स्वतंत्र अभ्यास केला. त्या चित्रातील खांद्यावर कोट टाकून पुढे चालणारा मजूर, तान्हे मूल घेतलेली अनवाणी स्त्री आणि मागच्या रांगेतील बोलके हात यांची आधी निरनिराळ्या कागदांवर रेखाटने करावीत. ती एकेकटी उभी राहू लागली, की मगच त्यांना एका ओळीत आणावे.