घशातून उमटणारी व्यंजने कशी उच्चारावीत?

शालेय व्याकरण 'क, ख, ग, घ' यांना कंठ्य म्हणते. प्रत्यक्षात ते उच्चारताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो आणि घसा त्याच्याही मागे राहतो. मिरज-सांगलीकडे उर्दू गझल गाऊ पाहणारे किंवा अरबी शिकू लागलेले बहुतेक जण इथेच अडतात, म्हणून सुरुवात आपल्या 'क'पासूनच करावी.

प्रथम 'की' आणि मग 'का' म्हणून पाहावे. 'का' म्हणताना जीभ किंचित मागे टेकते. त्याच दिशेने तिला आणखी मागे, पडजिभेपर्यंत नेऊन हवा अडवली आणि एकदम सोडली, की 'क़लम'मधला अस्सल 'क़' मिळतो. (दख्खनी उर्दूत तो बऱ्याचदा 'ख़'सारखा ऐकू येतो, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबू नये.) त्याच जागी हवा पूर्ण न अडवता घासत जाऊ दिली, तर 'ख़'; तिला स्वरतंतूंच्या कंपनाची जोड दिली, तर 'ग़'. फ्रेंचमधला 'र'ही साधारण याच जागेचा आहे.

खरी कसोटी पुढे आहे. अरबीतील 'हे' आणि 'ऐन' या अक्षरांसाठी जिभेचे टोक खाली सैल ठेवून तिचे मूळ मागे, घशाच्या भिंतीकडे ओढावे लागते. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी तिच्यावर 'हाऽ' करून वाफ सोडावी, आणि ती सोडत असतानाच घसा हळूहळू अरुंद करत न्यावा. श्वास कोरडा, दाटलेला ऐकू आला, की तो अरबी 'हे'. आपला मराठी 'ह' स्वरतंतूंच्या कंपनासह येतो, पण इथे कंपन नको. कंठमण्यावर बोट ठेवून ते तपासावे. मग घसा तसाच ठेवून कंपन सुरू केले, की 'ऐन' उमटतो. खाकरणे किंवा आवाज घोगरा करणे म्हणजे हा उच्चार नव्हे. तसे केल्याने घसा तेवढा दुखतो.

सर्वांत खोल जागा स्वरयंत्राची. जड पोते उचलताना श्वास जिथे रोखला जातो तिथेच हवा क्षणभर अडवून सोडली, की अरबी 'हमझा' होतो. लंडनच्या कॉकनी बोलीत 'बटर'मधल्या 'ट'च्या जागी हाच अडथळा ऐकू येतो.

सरावाला 'क़लअ' हा अरबी शब्द घ्यावा. आपला 'किल्ला' त्यातूनच आला आहे, आणि त्यात आरंभी पडजिभेचा 'क़' व शेवटी 'ऐन' असे दोन्ही उच्चार सापडतात. आधी दोन्ही टोके सुटी म्हणावीत, मग जोडावीत, आणि घसा ताणला गेल्यासारखा वाटला तर त्या दिवशी तिथेच थांबावे.