मिशनरी पोरांना जेवायला बोलावताना

एलडीएस (लॅटर-डे सेंट्स, म्हणजेच मॉर्मन) चर्चचे तरुण मिशनरी 24 महिने, तर तरुणी 18 महिने घराबाहेर असतात आणि फिरतात जोडीने; म्हणून ताटं दोन मांडा. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य. आग्रह केला की बिचारे अवघडतात, त्यापेक्षा लिंबू सरबत द्या. तिखट किती चालतं ते आधीच विचारा. महिन्याचा पहिला रविवार सहसा उपवासाचा, पाणीसुद्धा नाही, तेव्हा संध्याकाळी उपास सुटल्यावरच बोलवा. उरलेलं डब्यात बांधून द्या. 2019पासून त्यांना घरी दर आठवड्याला, मोकळ्या दिवशी, फोन करता येतो. ती वेळ तुम्ही अडवू नका. त्यांना विचारून जेवतानाचा एखादा फोटो आईला पाठवा. पोरगं वाळलंय का, हेच ती आधी बघते.