चार फुटी काचेचा टँक घरी बांधायचाय? आधी जोड समजून घ्या

माशांसाठी मोठा टँक घरी बांधायचा म्हटलं की सगळे आधी काचेचा भाव विचारत सुटतात. काच महत्त्वाची आहेच, पण टँक खरा उभा राहतो तो दोन काचांच्या मधल्या सिलिकॉनवर (ट्यूबमधून येणारा रबरासारखा गोंद), तिथे घाई केली की संपलं. माझा पहिला टँक तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यातून झिरपायला लागला आणि मी वरून अजून एक सिलिकॉनची लाइन मारली, दोन दिवसांनी परत तेच, कारण सुकलेल्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन धरतच नाही हे तेव्हा माहीत नव्हतं. म्हणून सगळं नीट लिहितोय.

माप धरू 1200 बाय 600 बाय 600 एमएम, म्हणजे साधारण चार बाय दोन बाय दोन फूट. याला 12 एमएमची साधी फ्लोट काच घ्या, जुने काचवाले हिला चार सूत म्हणतात. टफन (तापवून कडक केलेली काच) नको, ती नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. आणि काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टँक मागे किती खोल आहे त्यावर नाही, त्यामुळे रुंदी वाढवली तर चालते पण उंची वाढवली तर काचही जाड लागते.

कटिंग असं सांगा: तळ 1200 बाय 600, पुढची आणि मागची काच 1200 बाय 600, दोन्ही साइड 574 बाय 600. साइडच्या काचा पुढच्या-मागच्या मधे बसतात म्हणून 600 मधून दोन काचांचे 24 आणि दोन जोडांचा एकेक एमएम वजा केलाय. सगळ्या भिंती तळाच्या काचेवर उभ्या राहणार. वर आतून लावायला 60 एमएम रुंदीच्या दोन लांब पट्ट्या (1170 लांबीच्या) आणि मधे एक आडवी पट्टी पण कापून घ्या, या पट्ट्यांमुळे पुढची काच पोटासारखी फुगत नाही. कडा मशिनवर घासून घ्यायला सांगा, हात कापतो नाहीतर. काच घरी आली की दोन्ही कर्ण टेपने मोजा, फरक दिसला तर तिथेच परत द्या.

सिलिकॉन घेताना फार जपून. बाथरूमचं, बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं सॅनिटरी सिलिकॉन माशांना घातक आहे. ट्यूबवर अ‍ॅक्वेरियमसाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या, लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते नॉर्मल आहे, खिडक्या उघड्या ठेवा. दोन ट्यूब पुरतात पण तिसरी घरात असू द्या, मधेच संपलं तर दुकान उघडेपर्यंत पहिलं सुकतं.

आता मुख्य काम. दोन माणसं पाहिजेतच, एकेक मोठी काच जवळजवळ 22 किलोची आहे. जमीन सपाट असेल तिथे थर्मोकोल टाकून त्यावर तळाची काच ठेवा. जिथे जिथे सिलिकॉन लागणार त्या सगळ्या कडा आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने पुसा आणि नंतर तिथे बोटसुद्धा लावू नका. आतल्या बाजूने जोडापासून 6-7 एमएम सोडून मास्किंग टेप मारून घ्या. मग आधी मागची काच, मग एक साइड, दुसरी साइड, शेवटी पुढची. सिलिकॉनची लाइन सलग आणि भरपूर द्या, मधे हवेचा बुडबुडा राहता कामा नये. काचेच्या वजनाने सगळं सिलिकॉन बाहेर दाबलं जाऊ नये म्हणून टाइल्सचे 1 एमएमचे स्पेसर (फटीत घालायचे प्लास्टिकचे तुकडे) बाहेरच्या कडेने थोडेसेच आत सरकवून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी ओढून काढायचे. कोपरे गुण्याने (काटकोन मोजायचं साधन) तपासत चला आणि बाहेरून पॅकिंग टेपने आवळा. सिलिकॉनवर पाच-दहा मिनिटांत साय धरते, त्याच्या आत आतल्या कोपऱ्यावर बोट फिरवून मास्किंग टेप ओढून काढायची, उशीर झाला की साय टेपबरोबर फाटून येते. पट्ट्या दुसऱ्या दिवशी.

मग सात दिवस हात लावायचा नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकत जातं, वरून कडक लागलं तरी 12 एमएमच्या जोडाच्या मधे ते अजून कच्चं असतं. पावसाळ्यात ओलावा जास्त म्हणून सुकायला उलट मदतच होते, फक्त लावताना काचेवर दव नको.

तोवर स्टँड करून घ्या. भरल्यावर 370 लिटर पाणी, 90 किलोच्या आसपास काच, वर खडी-दगड, म्हणजे अर्धा टन धरून चाला. 40 बाय 40 एमएमचा लोखंडी चौकोनी पाइप, वर 18 एमएम प्लाय आणि त्यावर थर्मोकोल, म्हणजे बारीक उंचवटा काचेला टोचत नाही. चारी बाजूंनी स्पिरिट लेव्हल लावा. फ्लॅटमधे राहत असाल तर हे नक्की वाचा: घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला 200 किलोच्या हिशोबाने धरतात आणि टँकखाली त्याच हिशोबाने दर चौरस मीटरला 700 किलोच्या आसपास भार येतो. म्हणून टँक खोलीच्या मधे कधीच नको, भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे, आणि जुनी बिल्डिंग असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचाराच.

टेस्ट घरात करू नका, अंगणात किंवा गच्चीवर (तिथेही खाली बीम असेल तिथेच) करा. आधी एक तृतीयांश पाणी, एक दिवस थांबा, मग अर्धा, मग पूर्ण, आणि पूर्ण भरून तीन दिवस तरी ठेवा. जोडाखाली कोरडा पेपर घाला, थेंबभर गळलं तरी लगेच डाग दिसतो. गळलाच तर वरून थापायचं नाही, पाणी काढून आतलं सगळं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काच साफ करून सगळ्या कोपऱ्यांना नव्याने आतून लाइन मारायची. जोडाच्या मधे बुडबुडा दिसत असेल तर मात्र ती काचच सोडवून परत लावा, कितीही जिवावर आलं तरी.